तारखेची पिशवी

लखनौमधल्या कुठल्याही रक्तपेढीला फोन करून ‘बी निगेटिव्ह आहे का?’ असं विचारलं, तर एके काळी उत्तर ठरलेलं असायचं. ‘नहीं है.’ पुष्कळदा तर आपला प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच ते यायचं. या ‘नहीं है’मध्ये थोडं खरं असे आणि थोडं खोटं. त्यातलं खोटं काढून टाकायचं काम सरकारने माझ्याकडे दिलं होतं. मी ते इतक्या हिरिरीने केलं, की एका नऊ वर्षांच्या मुलीवर बाका प्रसंग आणला. तो प्रसंग निभावला म्हणून आज हसतखेळत लिहायला बसले आहे. निभावला नसता तर या नोकरीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नसतं.

मी मूळची भंडाऱ्याची. यजमान रेल्वेत, त्यांची बदली लखनौला झाली, म्हणून मीही आले आणि इथल्या सरकारी संगणक कार्यालयात प्रोग्रामर म्हणून चिकटले. विकास नगरच्या घरात आम्ही दोघं मराठीत बोलायचो, मुलगी ऐकून घ्यायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. माहेरी माझं काम कोणाला कधीच नीट कळलं नाही. ‘रक्तपेढ्यांचं कॉम्प्युटरवर बघते’ एवढं आत्याने ऐकलं आणि मी रक्त तपासते असं गावभर सांगून टाकलं. मग प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी पर्समधून आपला साखरेचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरायचं. मी तो गंभीर चेहऱ्याने वाचायची आणि गोड कमी खा म्हणून सांगायची. हातात जिलबी धरून लोक मान डोलवायचे.

खरं काम असं होतं. शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांनी आपापला साठा रोज कळवायचा, आम्ही तो एका पानावर मांडायचा, आणि ते पान कोणालाही, कसलाही पासवर्ड न लागता उघडता यायला हवं. म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची वणवण वाचेल. ऐकायला सोपं आहे. आता शेजारच्या पाच घरांत जाऊन ‘भात आहे का?’ असं विचारून बघा. एकीच्या डब्यात तांदूळ असतो, ती हो म्हणते. दुसरीचा भात कुकरमध्ये असतो, अजून शिट्टी व्हायची असते, तीही हो म्हणते. तिसरीकडे वाढायला तयार भात असतो, पण पाहुणे यायचे असतात, म्हणून ती नाही म्हणते. सगळ्या खरंच बोलतात आणि तुम्ही उपाशी परत येता. ‘आहे’ या शब्दाचा सगळ्यांनी मिळून एकच अर्थ ठरवायचा, याला आमच्या धंद्यात मानक म्हणतात. माझी निम्मी नोकरी या ‘आहे’च्या मागे गेली.

पहिल्या फेरीत मी सगळ्या पेढ्या स्वतः हिंडले. एका ठिकाणी भिंतीवर पांढरा फळा होता आणि त्यावरचे आकडे होळीच्या आधीचे होते. दुसऱ्या ठिकाणी तपासणी न झालेल्या पिशव्याही साठ्यात धरत होते. तिसऱ्या ठिकाणच्या प्रमुखांनी माझ्या कोऱ्या तक्त्याच्या आठही रकान्यांत ‘पर्याप्त’ असं लिहून दिलं. मी म्हटलं, सर, आकडा हवा आहे. त्यांनी तक्ता परत घेतला, निगेटिव्ह गटांपुढचं ‘पर्याप्त’ खोडलं आणि तिथे ‘अल्प किन्तु पर्याप्त’ असं लिहिलं. तो कागद मी फाइलला लावला नाही. अजून माझ्याकडे आहे.

याच फेरीत रिझवीसाहेब भेटले. एका सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत ते मुख्य तंत्रज्ञ होते. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, बोलणं अतिशय अदबीचं. त्यांचा तक्ता सर्वांत सुवाच्य आणि रोज वेळेवर यायचा. पण तो मला छळायचा. कारण मी साठ्याबरोबर दिलेल्या पिशव्यांची नोंदही मागवत होते, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. सोमवारी बी निगेटिव्ह शून्य, मंगळवारी नवं रक्त आलेलं नाही, आणि मंगळवारीच एक बी निगेटिव्ह पिशवी दिलेली. दर तीन आठवड्यांनी हाच चमत्कार.

चोर पकडल्याच्या थाटात मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला, मग शांतपणे सांगितलं, “मैडम, मैं दो थैलियाँ कम लिखता हूँ. निगेटिव में हमेशा. बीस बरस से लिख रहा हूँ.”

“पण का?”

“जो लिख देता हूँ, वो फोन पर चला जाता है.”

त्यांनी मग सविस्तर सांगितलं. थॅलेसेमियाच्या मुलांना जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. त्यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात. पण साठ्यात निगेटिव्ह पिशवी दिसली, की कुठल्या तरी बड्या घरून फोन येतो, ‘ऑपरेशन आहे, लागेल न लागेल, दोन राखून ठेवा.’ फोनवर नाही म्हणायची तंत्रज्ञाची टाप नसते. मग तारखेला मूल येतं आणि रिकाम्या हाताने परत जातं. म्हणून साहेब दोन पिशव्या लपवत. जुनी व्हायला लागली की ती वापरून तिच्या जागी नवी ठेवत. रक्त पाच आठवडे टिकतं, तेवढ्यात ते सगळं बरोबर जमवत.

मी ऐकून घेतलं, चहाचे आभार मानले आणि कार्यालयात येऊन त्यांचा बंदोबस्त केला. लपवाछपवी कितीही चांगल्या हेतूने असो, ती लपवाछपवीच, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. माझं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि मला तत्त्वांची फार आवड होती. मी बारकोड आणले. पिशवी फ्रीजमध्ये जाताना एकदा वाचायची, बाहेर येताना एकदा. आकडा थेट पानावर, मध्ये कोणाचं पेन नाही. सुरुवातीला तीन पेढ्यांना यंत्रं मिळाली आणि त्यात पहिलं नाव मी रिझवीसाहेबांच्या पेढीचं घातलं. उद्घाटनाला झेंडूच्या माळा लावल्या. आमच्या संचालकांनी पारदर्शकतेवर भाषण केलं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली येऊन म्हणाल्या, “मैम, पूरी फाइल ही दे दीजिए, हम एसएमएस वाली सर्विस बना देंगे.” संचालक घाबरले, या पोरी फाइल घेऊन करणार काय म्हणून. मी त्यांना समजावलं, फाइल सगळ्यांसाठी खुली केली आणि त्या मुलींनी आठवड्याभरात खरोखरच ती सोय करून दाखवली. एक संदेश पाठवा, कोणत्या पेढीत काय आहे ते कळेल. मी हवेत होते.

उद्घाटनाला पंधरा दिवस झाले असतील. सकाळी अकराला रिझवीसाहेबांचा फोन आला. “मैडम, जरा तशरीफ ले आइए. आपका सिस्टम बिल्कुल सही चल रहा है.”

मी गेले. बाकावर वर्माजी बसले होते. हे तेलीबागला शाळेचे गणवेश शिवायचे. शेजारी त्यांची मुलगी गुड्डी, वय वर्षं नऊ, बापाने शिवलेल्या नीटनेटक्या गणवेशात. चेहरा पिवळट, ओठ पांढरे. तिची तारीख होती. गट बी निगेटिव्ह. पेढीत दोन पिशव्या होत्या, आणि माझ्या पानावर त्या आदल्या दिवशी साऱ्या शहराला दिसल्या होत्या. एका बड्या घरात पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. त्यांनी पान पाहिलं, वरून फोन केला, दोन्ही पिशव्या ‘एहतियातन’, म्हणजे खबरदारी म्हणून, तीन दिवसांसाठी आपल्या रुग्णालयात नेऊन अडकवून ठेवल्या. त्यातली एकही पुढे लागली नाही, हे नंतर कळलं.

मी संगणकावर पान उघडलं. बी निगेटिव्ह, सगळ्या पेढ्या, शून्य.

वर्माजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “कोई बात नहीं मैडम. हम बैठे हैं.” गुड्डीने मला विचारलं, “आप कंप्यूटर वाली आंटी हैं?” मी हो म्हटलं. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

रिझवीसाहेबांनी टेबलावरचा फोन उचलला. “शुक्लाजी, आदाब. एक बी निगेटिव चाहिए थी, बच्ची बैठी है.” पलीकडून दोन शब्द आले. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “आ रही है.”

शुक्लाजी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पेढीतले तंत्रज्ञ. त्यांच्याकडे अजून यंत्र पोचलं नव्हतं. मी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, “तिथे तर शून्य आहे.”

“शून्य आपके लिए है,” साहेब म्हणाले. “मेरे लिए एक है.”

दीड तासाने बर्फाच्या डब्यातून पिशवी आली. जुळणी झाली आणि दुपारी तीनला गुड्डीच्या हाताला सुई लागली. मी तोवर तिथेच बसून होते. शहरभरचे तंत्रज्ञ वर्षानुवर्षं याच पद्धतीने एकमेकांना पिशव्या पुरवत होते, हे मला त्या बाकावर कळलं. मी ज्याला सहकार्य म्हणून कार्यालयात आकृत्या काढून दाखवत होते, ते माझ्या आधीपासून नीट चाललेलं होतं, आणि मी तीन यंत्रं बसवून त्याचे तीन पाय मोडले होते. बाकीच्या पेढ्यांची यंत्रं पुढच्या महिन्यात यायची होती. म्हणजे गुड्डीच्या पुढच्या तारखेला शुक्लाजींकडेही लपवलेली पिशवी नसणार होती. तीन आठवडे माझ्या हातात होते.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. यजमान म्हणाले, यंत्रं परत पाठव. ते मला पटत नव्हतं, कारण वणवण करणाऱ्या बाकीच्या लोकांना त्या पानाचा खरोखर उपयोग होत होता. मुलगी जेवता जेवता म्हणाली, “तो आप रूल बनाने से पहले उनसे पूछ लेतीं ना.” आईला असं बोलतात का, म्हणून मी तिला रागावले. मग दुसऱ्या दिवशी तेच केलं.

मी बैठक बोलावली, पण पेढ्यांच्या प्रमुखांची नव्हे, तंत्रज्ञांची. सरकारी बैठकीला तंत्रज्ञांना बोलावणं आलं, हे कोणाला खरंच वाटेना. दोघांनी फोन करून खात्री करून घेतली. रिझवीसाहेब दाराशी आले तेव्हा एक काटकुळे, चष्मेवाले गृहस्थ खुर्चीत बसलेले होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे शुक्लाजी. बारा वर्षं दोघं आठवड्याला दोनदा फोनवर बोलत होते आणि एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. “आप तो आवाज से बहुत भारी लगते थे,” साहेब म्हणाले. दोघांनी गळाभेट घेतली आणि बैठक वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.

‘उपलब्ध’चा अर्थ ठरवायला सकाळचे सगळे तास गेले. समोशांच्या दोन फेऱ्या झाल्या. तपासणी झालेली, मुदतीतली आणि कोणाला शब्द न दिलेली पिशवी म्हणजे उपलब्ध, इथवर गाडी आली. मग अडली ती राखीव पिशव्यांपाशी. मी म्हटलं, त्यांच्यासाठी वेगळा रकाना करू, कायमच्या पेशंटच्या तारखेआधी पाच दिवस पिशवी त्या तारखेला बांधून टाकू. नाव कोणाचंच दिसणार नाही, फक्त तारीख.

रिझवीसाहेबांनी मान हलवली. “वो कॉलम सबको दिखेगा?”

“दिसेल.”

“तो फोन आएगा. दिखाई हुई चीज बचती नहीं, मैडम.”

तेव्हा शुक्लाजी म्हणाले, “रिझवी भाई, अभी फोन आता है तो सिर्फ मुझे पता होता है कि मेरे पास है, और मुझे पता होता है कि मैंने दे दी. अगर पूरे शहर को दिख रहा हो कि मंगल वाली थैली शनिवार को निकल गई, तो मना मैं थोड़े करूँगा. मैं कहूँगा, साहब, सब देख रहे हैं.”

मला हे सुचलं नव्हतं. खुल्या माहितीवर मी तोवर दोन परिसंवादांत बोलून आले होते, पण उघडेपणा लहान माणसाला पाठबळ देऊ शकतो, हे मला एका तंत्रज्ञाने समोसा खाता खाता शिकवलं. रिझवीसाहेबांनी दोन अटी घातल्या. तारखेची पिशवी काढायची तर दोन वेगवेगळ्या पेढ्यांच्या तंत्रज्ञांची सही हवी. आणि काढण्याचं कारण लिहिलंच पाहिजे, तेही पानावर सर्वांना दिसलं पाहिजे. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. संचालकांनी ‘तांत्रिक प्रारूप’ समजून न वाचता सही केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

गुड्डीच्या पुढच्या तारखेच्या तीन दिवस आधी फोन आलाच. तो रिझवीसाहेबांना वगळून थेट संचालकांकडे गेला. त्यांनी मला आत बोलावलं, फोनच्या तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाले, “एक घंटे के लिए वो कॉलम हटा दीजिए.”

“हटवते, सर. कारणाच्या रकान्यात काय लिहू? ते सगळ्यांना दिसतं. आदेश कोणाचा, हेही लिहावं लागतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोनवरचा हात काढून अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, “सर, क्या करें, सिस्टम अलाऊ नहीं कर रहा.”

हे वाक्य मी आयुष्यभर तिरस्काराने ऐकत आले आहे. बँकेत, गॅसच्या ऑफिसात, सगळीकडे. त्या दिवशी ते कानाला अतिशय गोड लागलं. त्या बड्या पेशंटला दात्यांची अडचण अशी नव्हतीच. फोन बंद झाल्यावर पुतण्यांची रांग लागली आणि त्यातल्या एकाचं रक्त जुळलं. मंगळवारी गुड्डी आली, पिशवी तिची वाट पाहत होती, आणि वर्माजींना यातलं काहीही कळलं नाही. आम्ही कळू दिलं नाही.

त्यानंतर रकाना टिकला. पुढे दुसऱ्या शहरांनी आमचं प्रारूप मागून नेलं, पण तारखेचा रकाना ‘स्थानीय विषय’ म्हणून बहुतेकांनी गाळला. मी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली, आणि पोच मिळत गेली. त्याची खंत आहे, ती आहेच. तिथल्या तंत्रज्ञांना कोणी बैठकीला बोलावलं नसावं.

पानाच्या तळाला चौकशीचा नंबर होता, तो माझ्या टेबलावर वाजायचा. त्यावर शहर माझ्याशी बोलायचं. एक आजोबा रोज सकाळी आपल्या गटाचा साठा विचारायचे. काही आजार नव्हता. “बस, तसल्ली रहती है,” म्हणायचे. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका बुधवारी फोन आला.

“आंटी, मैं गुड्डी. वर्मा टेलर वाली.”

ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दहा वर्षांत तिची एकही तारीख चुकली नव्हती. ती म्हणाली, “बी निगेटिव आज हर जगह जीरो है. बस एक तारीख वाली दिख रही है, कल की. वो मेरी है ना?”

नियमाप्रमाणे मी ते सांगायचं नव्हतं. तिला उत्तराची गरजही नव्हती.

“निशातगंज में एक नर्सिंग होम है, वहाँ डिलीवरी वाली एक भाभी हैं. उनका भाई सुबह से सब जगह फोन कर रहा है, हमारे थैलेसीमिया वाले ग्रुप में मैसेज आया है. आप मेरी वाली खोल दीजिए.”

“गुड्डी, तुम्हारा क्या होगा?”

“मेरा हीमोग्लोबिन कल ही देखा है, साढ़े नौ है. दो दिन रुक सकती हूँ. डॉक्टर साहब से पूछ लिया, आप भी पूछ लीजिए.”

मी विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. मग मी रिझवीसाहेबांना फोन लावला. त्यांचीही निवृत्ती जवळ आली होती. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दस्तखत तो मैं और शुक्लाजी कर देंगे. वजह क्या लिखूँ? ये तो हमने सोचा ही नहीं था.”

खरंच सोचलं नव्हतं. पिशवी कोणी हिसकावेल, दडपून नेईल, चुकून देईल, या सगळ्यांसाठी आमच्याकडे कुलपं होती. मी म्हटलं, जे घडलं तेच लिहा.

दहा मिनिटांनी पानावर नवी ओळ आली. दोन सह्या, आणि पुढे कारण: ‘जिसकी थी, उसने दी.’ मी ती वाचली आणि मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मिश्राबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी पडद्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी गुड्डीचा पुन्हा फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे ग्रुपवर आलं होतं, ते तिने कळवलं. मग म्हणाली, “और आंटी, मेरी तारीख शनिवार कर दीजिएगा. शुक्रवार को मेरा पेपर है.”

शनिवारी पिशवी असेल की नाही, हे तिने विचारलंही नाही. ती होती.